कॅलेंडरवरची हळदीची बोटं

आत्याबाई, दहाव्याला कावळा लगेच आला.

पिंड ठेवून गुरुजी दोन पावलं मागं सरतात न सरतात तोच नदीकाठच्या बाभळीवरून एक उतरला आणि भातात चोच घालून निघूनही गेला. सगळ्यांना हायसं वाटलं. "वैनी सुखानं गेली, मागं कायबी ठेवलं न्हाई," असं तुमचे धाकटे दीर आप्पा म्हणाले. बायकांनी डोळे पुसले. तुमच्या दत्तानं, माझ्या नवऱ्यानं, हात जोडले. आणि मी, तुमची सून, तिथंच उभी राहून मनात म्हणाले, हे काही खरं नाही.

तुम्ही आणि समाधानी? दुकानदारानं बांधून दिलेली पुडी तिथंच सोडून बघितल्याशिवाय तुम्ही कधी घरी आणली नाही. डॉक्टरनं दिलेल्या गोळीचा आधी वास घेतला. पाहुणा "जेवून आलोय" म्हणाला तर त्याच्या ओठांकडं बघून ठरवलं, खोटं बोलतोय, आणि ताट वाढलं. अशी बाई मागं काहीच न ठेवता जाईल? कावळ्याला भूक लागली असेल, दुसरं काय.

मी कंपनीत क्वालिटीला आहे. आलेल्या मालात खोट कुठं आहे ते शोधायचं, यावर माझं पोट चालतं. लाइनवरची बिहारची पोरं म्हणतात, "मॅडम को सब पे डाउट है." त्यांनी तुम्हाला पाहिलं नव्हतं म्हणून बरं. एका घरात दोन संशयी बायका सात वर्षं राहिल्या आणि घर उभं राहिलं, याचंच मला नवल वाटतं. त्यातली एक आता नाही, तर घरात फार मोकळं वाटतंय, आणि ते मला सहन होत नाही.

आपलं पहिलं भांडण आठवतंय का? मी मांडवगण फराट्याहून भांडगावला लग्न होऊन आले त्याला तीनच महिने झाले होते. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खिळ्याला ते कॅलेंडर. तुम्हाला लिहितावाचता येत नव्हतं, पण बोट येत होतं. गाय माजावर आली की हळदीचं बोट त्या तारखेवर. एकवीस दिवसांनी पुन्हा आली की पुन्हा बोट. नाही आली, तर गाय गाभण ठरली. बोटं कुणी मोजायची नाहीत, पुसायची नाहीत, असा घराचा नियम. तिसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की हळदीशिवाय तिथं कुंकवाचीही बोटं आहेत. तारखा बघितल्या आणि माझे कान तापले.

"हे कुंकवाचं काय आहे?" मी विचारलं.

"गाईचं हाय."

"गाईचं हळदीचं आहे. कुंकवाचं कुणाचं?"

तुम्ही परातीतलं पीठ मळत होतात. मान वर केली नाही. "घरातल्या बाईचं घरातल्या बाईनं ध्यानात ठिवायचं आसतं."

मी ते पान टराटरा फाडलं आणि अंघोळीचं पाणी तापायच्या चुलीत घातलं. गाय आणि सून एकाच खिळ्याला टांगलेल्या! मला वाटलं, आता तुम्ही आकांत करणार. तुम्ही पुन्हा पीठ मळायला लागलात. पुढच्या महिन्यात कुंकवाचं बोट पुन्हा उमटलं, फक्त चौकटीच्या कोपऱ्यात, जरा बारीक.

ती बोटं कशासाठी होती हे मला तेव्हाच कळलं होतं. कोणत्या महिन्यात बोट उमटत नाही ते तुम्हाला बघायचं होतं. आता तुम्ही गेलात म्हणून मी त्यावर साखर पेरणार नाही. सुरुवात त्यासाठीच होती. मला ते माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तुम्हालाही माहीत होतं.

पण महिना काही चुकला नाही, आणि प्रत्येक महिन्यात मी आडवी होत गेले. दुखणं शाळेपासूनचं होतं. मांडवगणला आई ओवा चावायला द्यायची आणि म्हणायची, बाईच्या जातीला हे असतंच. लग्नानंतर ते दुखणं वाढलं. त्या चार दिवसांत शौचाला बसलं की आत कुणी सुरी फिरवतंय असं व्हायचं. कंपनीच्या रेस्टरूममध्ये मी गुडघे पोटाशी घेऊन पडायची, गोळी खायची आणि पुन्हा लाइनवर उभी राहायची. डॉक्टर तरी किती केले. एक म्हणाले गॅस आहे. दुसरे म्हणाले टेन्शन आहे. तिसऱ्यांनी सोनोग्राफी बघून सांगितलं, सगळं नॉर्मल, मूल झालं की थांबेल. मूल होत नव्हतं हेच तर दुसरं दुखणं होतं.

तुम्ही काय म्हणायचात? कांदालागणीच्या दिवशी मी अंथरुणावर होते तेव्हा तुम्ही वनिताताईंना, म्हणजे तुमच्या लेकीला, शिरूरला फोन लावला. कानाला कमी ऐकू यायचं म्हणून तुमचा फोन कायम स्पीकरवर. सगळं घर ऐकणार. "खरंच दुखतंय का नाटक करती, कळंना बाई. कामाच्या दिशीच बरं दुखतं." मी भिंतीकडं तोंड करून ते ऐकलं. त्या दिवशी मी ठरवलं की या बाईसमोर पुन्हा विव्हळायचं नाही.

ते मला जमलं नाही. चौथ्या वर्षी एकदा मी उंबऱ्यातच कोसळले, उलटी झाली, घामानं भिजले. तुम्ही बघत उभ्या राहिलात. बघणं म्हणजे तुमचं ते बघणं, बाजारात मेंढराच्या तोंडात बोट घालून दात मोजतात तसं. मग आत गेलात. मला वाटलं फोन करायला गेलात. परत आलात ते फडक्यात गुंडाळलेला गरम दगड घेऊन.

"पोटाला लाव. वर न्हाई. खाली, हाडाजवळ."

दगड अगदी जिथं दुखत होतं तिथं तुम्ही ठेवला. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तुम्ही म्हणालात, "मेंढरांमागं हिंडत हुतो तवा ह्यो दगुड माझ्या वटीत आसायचा." मग तुकड्यातुकड्यांनी सांगितलंत. मेंढरांचा मुक्काम रोज हलायचा. "वाडा हालला की बाईनं हाललंच पायजे. बसून चालत न्हाई. मी वाकून चालायची तर तुझं मामंजी म्हणायचं, काय हारवलं का?" पुढं शेती घेतली, घर बांधलं, दुखणं काही गेलं नाही. तिशीत एका दवाखान्यात पिशवी काढून टाकली. "काढली आन् सांगितलं, आता मोकळी झालीस." मी विचारलं, मग थांबलं का? तुम्ही दगड फिरवून ठेवलात आणि गाईला पाणी दाखवायला निघून गेलात. गरम दगडाबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. मला वाटलं, आता माझ्याकडून तुम्हाला काहीतरी हवं असणार.

पाचव्या वर्षी मी हरले. तालुक्याच्या गावच्या एका दवाखान्यात सोनोग्राफीत बीजकोशावर गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, औषधं किती दिवस खाणार, गाठ आणि पिशवी दोन्ही काढू, कटकट जाईल. मी हो म्हणाले. मीच म्हणाले, आत्याबाई. पोर काही होत नाही, मग ही दुखरी पिशवी सांभाळून मी कुणाचं भलं करणार होते? कागद समोर आला, दत्तानं पेन हातात घेतलं. तेवढ्यात दाराशी स्टुलावर बसलेल्या तुम्ही उठलात.

"डाक्टर, एक इचारू का? माझी पिशवी काढली त्याला लई वर्सं झाली. दुखायचं काय थांबलं न्हाई. मग दुखत व्हतं ते काय व्हतं?"

डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमचं वयाचं असेल."

"तवा तीस वर्साची व्हते."

"आजी, डॉक्टर तुम्ही आहात की मी?"

तुम्ही टेबलावरची फाइल उचलली, बगलेत मारली आणि बाहेर चालू लागलात. दत्ता पेन घेऊन मागं, मी पोट धरून त्याच्या मागं. स्टँडवर पोचल्यावर म्हणालात, "इचारल्यावर ज्याला राग येतो, त्याला मेंढरूसुदिक इकू न्हाई."

एसटीत मी तुमच्याशी भांडले. अख्ख्या गाडीनं ऐकलं. मी म्हणाले, "मला माहितीये तुम्हाला माझी पिशवी कशाला पाहिजे. नातू पाहिजे. मी मेले तरी चालेल, पिशवी राहिली पाहिजे." तुम्ही खिडकीतून उसाकडं बघत राहिलात. फाइल मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर. होही म्हणाला नाहीत, नाहीही. तुम्ही तेव्हा नाही म्हणाला असतात तर मी विश्वास ठेवला नसता, हे खरं. पण एकदा म्हणून तर बघायचं होतं.

ते भांडण तसंच राहिलं.

पुढं कंपनीतल्या नर्सबाईंनी मला सांगितलं की हे बहुतेक एंडोमेट्रिओसिस असावं, साध्या सोनोग्राफीत ते नेहमी दिसत नाही, पुण्यात फक्त हेच बघणाऱ्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडं जा. तुमचा पहिला प्रश्न, "तिला ह्यात काय मिळतं?" तुम्ही तिला घरी चहाला बोलावून तास दीड तास उलटसुलट विचारलंत. शेवटी कळलं की तिची सख्खी बहीण यातून गेली होती. तेव्हा म्हणालात, "मंग जाऊ." दोन महिन्यांनंतरची वेळ मिळाली. दुधानं तोंड पोळलेली मी, मला त्या दोन महिन्यांत रोज वाटायचं, तिथंही हेच ऐकायला मिळणार.

पुण्याच्या त्या डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "कधीपासून, महिन्यातले किती दिवस, कुठं कुठं?" मी सांगताना अडखळत होते. इतक्यांनी खोटं ठरवलं होतं की मलाच माझ्यावर भरवसा उरला नव्हता. तेव्हा तुम्ही तुमच्या पिशवीतून सुतळीनं बांधलेली गुंडाळी काढलीत. पाच वर्षांची कॅलेंडरं. मी बघतच राहिले. दरवर्षी जुनं कॅलेंडर उतरलं की त्याची पानं फळ्यांवर अंथरायला जातात, अशी माझी समजूत होती.

"ह्ये बारकं बोट म्हंजी नुसती बाजूला बसली. ह्ये लांब वढलंय म्हंजी पडून व्हती. खाली टिपका म्हंजी उलटी."

डॉक्टरबाई एकेक पान उलटत गेल्या. वर्षागणिक बोटं लांब होत गेलेली दिसत होती. एका ठिकाणी थांबून त्यांनी विचारलं, "इथला एक महिना नाही?"

तुम्ही माझ्याकडं पाहिलंही नाहीत. "त्यो म्हयना जळाला," म्हणालात.

कुणी जाळला, ते सांगितलं नाहीत. आत्याबाई, त्या एका वाक्याबद्दल मी तुमची जन्मभर ऋणी आहे, आणि तेही मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही.

एमआरआय झाला. मग डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून आपल्याला समजावलं. पिशवीच्या आत जसं अस्तर असतं तसलंच पिशवीच्या बाहेर वाढतं, बीजकोशावर, आतड्यावर. दर महिन्याला तेही सुजतं, आतल्या आत रक्त येतं, अवयव एकमेकांना चिकटत जातात. नुसती पिशवी काढली आणि बाहेरचं तसंच ठेवलं, तर दुखणं राहू शकतं. तुम्ही बराच वेळ त्या चित्राकडं बघत होतात. मग म्हणालात, "म्हंजी हराळी. वावर नांगरलं तरी बांधाकडची हराळी ऱ्हातीच." डॉक्टरबाई हसल्या, म्हणाल्या, अगदी तसंच. तुम्ही हसला नाहीत. तीस वर्षांनी कुणीतरी तुमच्या प्रश्नाला उत्तर दिलं होतं. मला ते तेव्हा दिसलं नाही. मी माझ्याच चित्रात अडकले होते.

उठता उठता तुम्ही विचारलंत, "बाई, आजीला आसलं तर नातीला व्हतं का?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "रक्ताच्या नात्यात असण्याची शक्यता जास्त असते. लहानपणीच लक्ष दिलेलं बरं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इथं मला दिवस राहायचा पत्ता नाही आणि या बाईला नात कशी निघेल याची चौकशी! मनात म्हटलं, पळसाला पानं तीनच. कुठंही न्या, ही बाई फिरून नातवंडावरच येणार.

तुम्ही पाणी प्यायला बाहेर गेलात तेव्हा डॉक्टरबाई मला हळूच म्हणाल्या, "सासूबाईंनी छान लिहिलंय, उपयोग होईल. पण हे नसतं तरी चाललं असतं. तुम्ही दुखतंय म्हणालात, मला तेवढं पुरे होतं." मी त्या खुर्चीत रडले. बाहेर आले तर तुम्ही बाकावर ती गुंडाळी छातीशी धरून बसला होतात, लग्नात मानाचं पातळ मिळालेल्या बाईसारख्या. "बघितलंस? लिवलेलं व्हतं म्हणून खरं मानलं," म्हणालात. मी काही बोलले नाही. तुमचा आनंद मोडू नये म्हणून गप्प बसले असं म्हणायला बरं वाटतं. खरं सांगायचं तर तुम्ही बरोबर होतात की चूक, हे पहिल्यांदाच माझ्या हातात होतं, आणि ते मी माझ्याजवळच ठेवलं. हे ध्यानात ठेवा. पुढं लागेल.

मागल्या दिवाळीआधी ऑपरेशन झालं. दुर्बिणीतून, साडेतीन तास. आतड्यावरचंही काढावं लागलं, त्यासाठी वेगळे सर्जन उभे होते. पिशवी राहिली. शुद्धीवर आले तेव्हा तुम्ही पायाशी होतात आणि नर्सला विचारत होतात, काढलेलं सगळं बाटलीत दाखवा म्हणून. नंतर रोज एक गोळी सुरू झाली, पाळी थांबवणारी, म्हणजे ते पुन्हा वाढू नये. डॉक्टरबाईंनी तुमच्यासमोर सांगितलं, ही चालू असेपर्यंत मूल होणार नाही, मूल हवं असेल तेव्हा मला सांगा, मग वेगळा विचार करू. "गोळी हाय तवर न्हाई, व्हय ना?" तुम्ही पुन्हा विचारून खात्री केलीत. मला वाटलं, दिवस मोजायला लागल्या.

त्यानंतर रोज दिवेलागणीला तुमची हाक. "सुरेखे, गोळी घेतली का?" मी रोज चिडायची. म्हणायची, "घेतली. बघायचंय का पाकीट?" आणि तुम्ही खरंच पाकीट बघायचात. मला वाटायचं, पहारा आहे. वर्षभर मी याला पहाराच म्हणत आले. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला हाक आली नाही, मी गोळी विसरले आणि तेव्हा डोक्यात लख्ख पडलं. नातवासाठी टपून बसलेली म्हातारी सुनेला पोर थांबवणाऱ्या गोळीची आठवण रोज कशाला देईल? क्वालिटीची मॅडम म्हणवते मी स्वतःला! वर्षभर माल हातात होता आणि मला तपासता आला नाही. एसटीतल्या माझ्या आरोपाचं तुम्ही रोज संध्याकाळी उत्तर देत होतात.

तरी म्हणते, सुरुवातीला नातूच हवा होता तुम्हाला. मधे कधीतरी बदललं. कधी, ते सांगायचं राहिलं.

आता कावळ्याकडं येते. तुम्ही जाऊन आज सोळा दिवस झाले. सकाळी दत्ता म्हणाला, "गाईचं दिवस भरत आलेत. आईनं शेवटची तारीख कुठं लावलीय बघ की." मी कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. हळदीचं शेवटचं बोट शोधायचं आणि तिथून नऊ महिने नऊ दिवस मोजायचे, साधं काम. जानेवारीत बोट सापडलं. मग फेब्रुवारीतही सापडलं. मार्चमध्येही. एप्रिल, मे, पार गेल्या महिन्यापर्यंत.

गाभण गाय माजावर येत नाही, आत्याबाई. हे तुम्हीच मला शिकवलंत.

मी कॅलेंडर खिडकीपाशी नेलं. बोटं एकवीस दिवसांनी नव्हती. सत्तावीस, तीस, अठ्ठावीस. काही बारकी. काही लांब ओढलेली. जुलैच्या बोटाखाली टिपका. कुंकवाचं मात्र वर्षभरात एकही बोट नाही, कारण माझी पाळी बंद. मग घरात दुसरी बाई कोण? आणि तुमचे ते स्पीकरवरचे फोन एकेक करून आठवायला लागले. रोज सकाळी वनिताताईंना तोच प्रश्न, "प्रती कालिजात गेली का?" वनिताताईंची प्रतीक्षा, तुमची नात, यंदा अकरावीला. "न्हाई गं, आज पडूनच हाय," असं ताई म्हणाल्या की तुम्ही उठून स्वयंपाकघरात जायचात. मी म्हणायची, म्हातारीला लेकीच्या घरातली नाही ती पंचाईत.

नातीला व्हतं का, असं विचारलंत ते हिच्याबद्दल होतं तर. आजी म्हणजे तुम्ही स्वतः.

मी वनिताताईंना फोन केला. त्या आधी बिथरल्याच. "का? कोण काय बोललं का प्रतीबद्दल?" तुमचीच लेक. मी सांगितलं तर म्हणाल्या, "वैनी, समद्याच पोरींचं दुखतं. उद्या तिच्या लग्नाचं बघायचंय. दवाखान्याच्या कागदावर आजार चिकटला म्हंजी?"

"आत्याबाईंनी नऊ महिन्यांचं लिहून ठेवलंय," मी म्हणाले.

मग वनिताताई म्हणाल्या, "आईनं? मला तर जल्मभर सोस म्हणली. माझ्या टायमाला भितीवर कॅलेंडर न्हवतं व्हय?" आणि रडायला लागल्या. त्याचं उत्तर तुमच्या वाट्याचं होतं.

प्रतीनं आईच्या हातातून फोन घेतला. "मामी, आजीला समदं ठावं व्हतं. तुला सांगायचं न्हाई म्हणली व्हती. तू लगेच पुण्याला पळशील म्हणली. मला म्हणायची, पैलं वरीस भरू दे. मामीचं पाच वर्साचं लिवलेलं बघितलं तवा डाक्टरनं खरं मानलं, पोरीच्या जातीचं एका म्हयन्याचं कोण खरं मानतंय?"

हे ऐकलं आणि मला त्या दवाखान्यातला बाक दिसला, आणि छातीशी गुंडाळी धरलेल्या तुम्ही. लिहिलेलं नसतं तरी चाललं असतं, हे एवढं एक वाक्य मी तुम्हाला सांगितलं असतं, तर जानेवारीतच तुम्ही पोरीचा हात धरून पुण्याची गाडी पकडली असती. तुम्ही सगळ्यांवर संशय घेतलात, पण त्या दिवशी मी गप्प बसले त्यावर घेतला नाहीत. सोळा वर्षांच्या पोरीनं नऊ महिने काढले, तुमच्या समजुतीपायी आणि माझ्या गप्प बसण्यापायी. तुमच्याकडं माफी मागावी तर तुम्ही नाही. प्रतीकडं मागितली. ती म्हणाली, "मामी, मला प्रॅक्टिकल बुडवायचं न्हाई, शुक्रवार सोडून कवाबी चल." तुमच्या घरची पोरगी शोभते.

कावळ्यानं मला फसवलं नाही, एवढं बरं झालं. मागं काय ठेवलंय ते तुम्ही खिळ्यालाच टांगून गेला होतात.

मी डॉक्टरबाईंकडं फोन करून वेळ घेतली आहे. पुढच्या मंगळवारी. दत्ता गाईपाशी थांबेल. प्रती, वनिताताई आणि मी. वनिताताईंनाही तपासून घ्या म्हणणार आहे, त्या नको नको म्हणतील, मग मी तुमच्यासारखं तोंडाकडं बघून ठरवीन. कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आहे आणि सुतळीनं बांधलं आहे. हळदीची पूड पडू नये म्हणून वर तुमच्या जुन्या पातळाचा तुकडा गुंडाळला. भिंतीवर तेवढाच चौकोन पांढरा दिसतोय.

वर्ष भरायला तीन महिने कमी आहेत, आत्याबाई. मी थांबणार नाही. डॉक्टरबाई पानं उलटत शेवटाला येतील आणि विचारतील, पुढचं लिहिलेलं का नाही. लिहिणारी गेली, एवढंच सांगेन.